अलाइनमेंटला गाडी लावण्याआधी: चाकांचे कोन आणि गाडीची चाल

नवे टायर घातले की दुकानदार लगेच विचारतो, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू ना?" आपण मान डोलावतो. थोड्या वेळाने हातात छापील कागद येतो. त्यावर हिरवे-लाल रकाने, अंश, मिनिटं, कॅम्बर, कास्टर, टो. कागद घडी घालून डॅशबोर्डच्या खणात जातो आणि गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली की परत डावीकडे खेचायला लागते. तो कागद कसा वाचायचा, त्यावरचा कुठला आकडा हाताला कसा जाणवतो आणि मशीनवर गाडी चढवण्याआधी स्वतः काय काय बघायचं, ते इथे क्रमाने देतो. क्रम मोडू नका. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, हे या यादीतलं शेवटचं काम आहे आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात, हीच खरी अडचण आहे.

पायरी १: गाडीखाली काय आहे ते बघा

उदाहरण म्हणून आपल्याकडे सर्रास दिसणारी मांडणी धरू: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, आल्ट्रोज या सगळ्या याच घरातल्या.

पुढचं चाक पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन आत डोकवा. उभा नळकांडा दिसेल, भोवती स्प्रिंग. हा स्ट्रट. शॉकअपचं काम तर तो करतोच, शिवाय चाक वरच्या बाजूने धरूनही ठेवतो. खालून एकच आडवा हात चाकाला धरतो, तो लोअर आर्म. लोअर आर्म बॉडीला जिथे जोडलाय तिथे रबराचे बुश असतात आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टेअरिंगच्या रॅककडून येणारी बारीक सळई म्हणजे टाय रॉड. एवढी पाच नावं पाठ झाली तरी मेस्त्रीशी बोलताना फरक पडतो.

ही रचना अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सनच्या नावाने ओळखली जाते. १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून ती मोठ्या संख्येने रस्त्यावर आली. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. त्यामुळे आडवं इंजिन बसवलेल्या छोट्या गाड्यांना ती फार सोयीची पडली. आपल्या प्रीमियर पद्मिनीला मात्र पुढे वर-खाली दोन विशबोन होते आणि मागे पाटे. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांना आजही पुढे डबल विशबोनच आहेत. त्याचं कारण तिसऱ्या पायरीत येईल.

मागचा टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, थोडी पिळता येणारी एक तुळई. एक चाक वर गेलं की तुळई पिळली जाते आणि स्वतःच अँटीरोल बारसारखं (वळणात बॉडीचं झुकणं आवरणाऱ्या सळईसारखं) काम करते. स्वस्त आणि दणकट. पण बहुतेक गाड्यांत तिचे कोन बदलायला कंपनीने एकही नट दिलेला नसतो. हे लक्षात ठेवा, कागद वाचताना लागेल.

पायरी २: तीन कोन ओळखा

कॅम्बर: गाडीसमोर उभं राहून बघितलं तर चाक सरळ उभं आहे की कलतंय. वरचा भाग आत झुकला तर निगेटिव्ह, बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह. नेहमीच्या हॅचबॅकला पुढे साधारण शून्य ते उणे एक अंशाच्या आसपास असतो. दोन बाजूंत फरक असेल तर जिकडे जास्त पॉझिटिव्ह, तिकडे गाडी ओढते.

टो: वरून बघितलं तर दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे वळलेली, म्हणजे टो-इन, बाहेर फाकलेली, म्हणजे टो-आउट. हा कोन दिसायला सगळ्यात छोटा आणि टायर खायला सगळ्यात पुढे. साधं गणित करून बघा. समजा पुढचं प्रत्येक चाक पाव अंशाने तिरकं आहे. १५ इंची रिमवर मोजलं तर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसणारही नाही. पण पाव अंश म्हणजे दर किलोमीटरमागे सुमारे ४.४ मीटर आडवं घासणं. पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर धरलं, तर कोल्हापूरला पोचेपर्यंत तो टायर जवळजवळ एक किलोमीटर आडवा घासला गेला. नवा टायर वर्षभरात एका कडेने गुळगुळीत होतो तो असा.

हाताला टो कसा जाणवतो? पुढे टो-आउट असेल तर गाडी वळायला उतावीळ होते, सरळ रस्त्यावर मात्र सारखी इकडेतिकडे हुंगत राहते. थोडा टो-इन असेल तर सरळ शांत चालते, वळणात किंचित आळशी वाटते. मागच्या चाकांचा टो-आउट हा प्रकार वेगळा आणि धोक्याचा. वेगात लेन बदलताना मागचा भाग स्वतःच्या मताने चालतोय असं वाटतं. असं काही जाणवलं तर ते पुढच्या खेचण्याआधी निस्तरा.

कास्टर: बाजूने बघितलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे किती झुकलाय. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो तिरका असतो, आणि हात सोडून सायकल चालवता येते त्यात या तिरकेपणाचाही वाटा असतो. गाडीतही हेच. वळण संपल्यावर हात सैल सोडले की स्टेअरिंग आपोआप मध्यावर येतं, त्याचं मोठं श्रेय कास्टरला. जास्त कास्टर म्हणजे स्टेअरिंग जड, पण वेगात ठाम. कमी कास्टर म्हणजे पार्किंगला हलकं आणि एक्स्प्रेसवेवर पोकळ. पॉवर स्टेअरिंग आल्यावर जडपणाची फिकीर राहिली नाही, त्यामुळे आजच्या गाड्यांना तीन ते पाच अंश कास्टर सहज असतो. दोन बाजूंत फरक पडला तर जिकडे कास्टर कमी, तिकडे गाडी जाते. कास्टरचा आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही: स्टेअरिंग वळवल्यावर बाहेरचं चाक आतल्या बाजूला झुकतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा त्याला निगेटिव्ह कॅम्बर मिळतो.

पायरी ३: हे कोन गाडी चालताना बदलतात, ते समजून घ्या

मशीनवरचे आकडे उभ्या गाडीचे असतात. रस्त्यावर चाक सतत वरखाली होतं, ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळणात बॉडी बाहेर झुकते, आणि या प्रत्येक हालचालीत कॅम्बर, टो, कास्टर सगळंच थोडंथोडं सरकतं. 'या गाडीचं हँडलिंग चांगलं आहे' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी हे सरकणं नीट बांधलेलं असतं.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे वळण लागतं ते डोळ्यांसमोर आणा. समजा उजवं वळण आहे. बॉडी डावीकडे झुकते आणि बराचसा भार डाव्या पुढच्या चाकावर येतो. बॉडीबरोबर ते चाकही बाहेर कलायला बघतं, म्हणजे पॉझिटिव्ह कॅम्बर. टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि आतली अर्धी पट्टी रस्त्यावर नावापुरती टेकते. डबल विशबोनमध्ये वरचा हात मुद्दाम आखूड ठेवतात. चाक वर दाबलं गेलं की तो वरची बाजू आत ओढतो आणि झुकण्याची बरीच भरपाई होते. मॅकफर्सन स्ट्रटला वरचा हातच नाही. त्यामुळे भरपाई थोडी होते आणि ठरावीक दाबानंतर उलटीच व्हायला लागते. म्हणून अशा गाडीला घाटात जोरात रेटलं की पुढचे टायर कुरकुरतात आणि नाक वळणाबाहेर जातं. याला अंडरस्टीअर म्हणतात. कंपन्या तो जाणूनबुजून ठेवतात, कारण अशा वेळी साधा चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि नाक बऱ्यापैकी परत जागेवर येतं. मागचा भाग सुटला तर मात्र साध्या चालकाच्या हाती काही उरत नाही. टाटा नॅनोचं इंजिन मागे होतं, वजनही मागे. म्हणून तिला पुढे १३५ मिमीचे आणि मागे १५५ मिमीचे टायर दिले होते. लोकांना वाटलं पैसे वाचवले. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त राहावी, हा त्यातला मोठा हिशेब होता.

दुसरी गोष्ट बंप-स्टीअर. खड्ड्यात चाक वर गेलं की लोअर आर्मचं टोक एका कमानीत फिरतं आणि टाय रॉडचं टोक दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळच राहतं. जुळल्या नाहीत तर प्रत्येक खड्ड्यागणिक चाक स्वतःहून थोडं वळतं आणि स्टेअरिंग हातात झटका देतं. कंपनीतून निघालेल्या गाडीत हे जमवलेलं असतं. गाडीची उंची बदलली की बिघडतं. त्यावर पुढे बोलू.

तिसरी गोष्ट रबर. लोअर आर्मचा मागचा बुश जरा मऊ असतो, खड्ड्याचा मागे ढकलणारा धक्का गिळायला. तो फाटला की ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं आणि सरकताना टो बदलतो. लक्षण अगदी ठरलेलं: सरळ चालवताना गाडी ठीक, ब्रेकवर पाय ठेवला की एका बाजूला झेपावते, सोडला की परत सरळ. मशीनवर उभी केली तर आकडे हिरवे येतात, कारण तिथे कुणी ब्रेक मारत नाही. अशा गाडीची दर काही महिन्यांनी अलाइनमेंट करत राहणारे लोक आहेत.

पायरी ४: घरच्या अंगणात तपासणी

लागेल काय? हवेचा गेज, जॅक, जॅक स्टँड, टॉर्च आणि अर्धा तास. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, इथे तडजोड नको.

आधी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर जे लिहिलंय तेच भरा, टायर थंड असताना. पंपावरचा माणूस सवयीने पस्तीस भरतो म्हणून तो आकडा बरोबर ठरत नाही. समोरच्या दोन टायरमध्ये पाच-सहा पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

मग टायरवर तळहात. ट्रेडवरून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, हात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं बोचत असेल तर टो बिघडलाय. आतून बाहेर नेताना बोचलं तर टो-इन जास्त. बाहेरून आत आणताना बोचलं तर टो-आउट. नुसती आतली कड झिजलेली, पण बोचत नाही, तर कॅम्बरवर संशय घ्या. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. थोड्याथोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत. चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतंय. डोळ्यांपेक्षा तळहात लवकर सांगतो, शिवाय फुकट.

आता खेळ, म्हणजे सांध्यांतला सैलपणा, बघायचा. पुढचं एक चाक उचला. वर-खाली धरून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहाच्या जागी, हलवा. खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग नऊ-तीनला धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकचं आतलं टोक. कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत बारा-सहाला धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मच्या बुशवर टॉर्च मारा: रबराला भेगा, एका बाजूला सरकलेला मधला नळा, तेलकट डाग.

दोन आवाज ओळखायला शिका. छोट्या खडबडीत रस्त्यावर हळू जाताना 'टक टक' असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, म्हणजे अँटीरोल बारला जोडणारी छोटी दांडी. तो स्वस्त असतो आणि त्याने अलाइनमेंट बिघडत नाही. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टणत्' करून सुटत असेल तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकलंय. या दुसऱ्या आजारात स्टेअरिंग वळणानंतर परत येत नाही. माणसाला वाटतं कास्टर गेला, अलाइनमेंटवाला कागद दाखवतो, कास्टर बरोबर. दोघेही खरंच बोलत असतात.

पायरी ५: रस्त्यावर

सपाट, मोकळा, सरळ रस्ता शोधा. साठच्या वेगाने, हात सैल पण स्टेअरिंगला लागलेले ठेवा. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे प्रत्येक धडधाकट गाडी थोडी डावीकडे सरकणारच. दुभाजक असलेल्या रिकाम्या रस्त्यावर वेगवेगळ्या लेनमध्ये तपासा. लेन बदलल्यावर खेचणं कमी-जास्त होत असेल तर दोष रस्त्याच्या उताराचा. सगळीकडे एकाच जोराने ओढत असेल तर संशय गाडीवर.

आणखी तीन गोष्टी नोंदवा. खेचणं ब्रेकमध्येच आहे का? ॲक्सिलरेटर दाबल्यावरच आहे का? सरळ जाताना स्टेअरिंगचा दांडा आडवा सरळ आहे की तिरका? ऐंशी-शंभरला स्टेअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचं काम; अलाइनमेंटने थरथर जात नाही, दुकानदार दोन्ही एका दमात विकतो म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

खेचणं पक्कं असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. खेचण्याची दिशा बदलली तर दोष टायरच्या घडणीत आहे, कोनांत नाही. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावे-उजवे करू नका, त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदला.

पायरी ६: उंची आणि रिम यांचा निकाल आधी लावा

गाडीची उंची बदलली की सगळे कोन बदलले. तेव्हा जे काही करायचंय ते अलाइनमेंटच्या आधी करा. जमलं तर करूच नका, हे माझं खाजगी मत.

आपल्याकडे सगळ्यात लोकप्रिय उद्योग म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबर घालणं. पाच माणसं आणि सामान घेऊन गतिरोधकाला गाडी घासते, मग कुणीतरी हा उपाय सांगतो. घासणं थांबतं. पण मागची बाजू २५ मिमी वर आली आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी असला, स्विफ्टचा तेवढाच आहे, तर सगळी गाडी सुमारे ०.६ अंशाने पुढे झुकली. तेवढाच कास्टर कमी झाला. चार अंशांतून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त गेल्यावर वेगात स्टेअरिंग हलकं, पोकळ लागणारच. वर स्प्रिंगची काही वेटोळी बंद पडल्याने मागची बाजू कडक होते. एकटे चालवताना मागचा भाग खड्ड्यांवर उड्या मारतो आणि ओल्या वळणात पकड आधी सोडतो. नेहमीच भरलेली गाडी चालवत असाल तर गोष्ट वेगळी. मागे भार आल्यावर गाडी परत सपाट होते आणि कास्टरही परत येतो.

दुसरं टोक म्हणजे स्प्रिंग कापून गाडी बसवणारे. गाडी खाली आली म्हणजे वळणात कमी झुकेल, असा सरळ हिशेब असतो. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात. मॅकफर्सन गाडी ३० मिमी खाली आणली तर गुरुत्वमध्य ३० मिमी उतरतो, रोल सेंटर त्याहून जास्त उतरतं. झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे स्प्रिंग तेवढी कडक केली नाही तर खाली आणलेली गाडी जास्त झुकू शकते. शिवाय लोअर आर्म आता चाकाकडे वर चढलेला, टाय रॉडची कमान जुळत नाही, प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग चावतं, आणि कॅम्बरची भरपाई नेमकी गरजेच्या वेळी उलटी. कापलेली स्प्रिंग जागेवरून सुटण्याचा धोका वेगळाच.

रिम बदलत असाल तर आतल्या बाजूला कोरलेला 'ईटी' हा आकडा बघा. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, ते तो सांगतो. ईटी ४५ च्या जागी त्याच रुंदीचं ईटी ३५ बसवलं की चाक १० मिमी बाहेर आलं. गाडी रुंद दिसते, छान दिसते. पण चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस रस्त्याला जिथे टेकतो, त्याच्या मानाने टायरचा मध्य १० मिमी बाहेर सरकला. आसाचं हे टोक आणि टायरचा मध्य यांच्यातल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. ते बाहेर वाढलं की एका चाकाला खड्डा लागला किंवा एकाच बाजूचं चाक वाळूवर असताना ब्रेक मारला की स्टेअरिंग हातातून हिसकावलं जातं. बेअरिंगवरचा भारही वाढतो. स्पेसर घालण्याचा परिणाम हाच.

पायरी ७: मशीनवर

आता गाडी लावा. डिकी रिकामी, हवा बरोबर, खेळ असलेला प्रत्येक भाग बदललेला. आणि बाजूला उभे राहा, चहाला जाऊ नका. बघायच्या गोष्टी या:

- चाकांवर टार्गेट (मशीन ज्यावरून कोन मोजतं त्या पाट्या) लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलायला हवी. रिमच्या वाकडेपणाचा हिशेब त्यात निघतो.
- पुढची चाकं फिरत्या चकत्यांवर असावीत आणि त्यांच्या खिळ्या काढलेल्या असाव्यात.
- कास्टर मोजायला स्टेअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवावंच लागतं. फिरवलं नाही तर कागदावरचा कास्टर खरा मोजलेला नाही, असं बेधडक समजा.
- टो लावताना स्टेअरिंग सरळ ठेवून अडकवलेलं हवं. नाहीतर आकडे हिरवे आणि दांडा तिरका घेऊन घरी याल.
- मशीनमध्ये तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि साल निवडलंय का, ते पडद्यावर वाचा.

कागदावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने असतात. आधीचा रकाना जपून ठेवा, गाडीचं दुखणं त्यात असतं. एक सापळा: ०°३०' म्हणजे अर्धा अंश, कारण अंशाला साठ मिनिटं. काही मशीनं ०.३०° असं दशांशात छापतात, ते फक्त अठरा मिनिटं. दोन दुकानांचे कागद ताडून बघताना इथे हमखास गोंधळ होतो.

मागच्या चाकांचा टो आधी वाचा. समजा डावा ०°२०' आणि उजवा ०°००'. फरकाचा निम्मा, दहा मिनिटं, हा थ्रस्ट अँगल. मागची चाकं गाडीला तेवढ्या तिरकस दिशेने ढकलतात आणि गाडी खेकड्यासारखी किंचित आडवी चालते. पुढचं सगळं बरोबर असूनही स्टेअरिंग तिरकं राहतं. बीमवाल्या गाडीत फिरवायला नट नाही. थोडा फरक असेल तर पुढचा टो त्या दिशेशी जुळवून स्टेअरिंग सरळ करता येतं. मर्यादेबाहेर असेल तर मोठ्या खड्ड्याने बीम किंवा हब वाकलाय, तो बदलायचा.

पुढे बहुतेक हॅचबॅकमध्ये टो एवढाच सरळ बदलता येतो, टाय रॉड फिरवून. कॅम्बरला फार तर स्ट्रटच्या बोल्टच्या भोकातली थोडी मोकळीक, नाहीतर मध्य एका बाजूला सरकवलेला (एक्सेंट्रिक) कॅम्बर बोल्ट. कास्टरला काहीच नाही. म्हणून एका बाजूचा कॅम्बर किंवा कास्टर लाल आला तर प्रश्न विचारा: काय वाकलंय? काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवतात आणि आकडा हिरवा करून देतात. त्याला होकार देऊ नका. वाकलेला लोअर आर्म तसाच राहतो आणि वर एक चांगला भागही वाकवलेला. लोअर आर्म बदलायला जास्त पैसे लागतात, पण तिथेच लावा.

ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत टो लावून झाल्यावर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा बसवावा लागू शकतो. हे राहून गेलं तर गाडी सरळ चालत असतानाही तिला आपण वळतोय असं वाटतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. लेन सांभाळणारा कॅमेरा असेल तर त्याच्याबद्दलही सर्व्हिस सेंटरला आधी विचारून ठेवा.

पैसे देण्याआधी मेस्त्रीला शेजारी बसवून पाचव्या पायरीतल्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. दांडा सरळ नसेल तर लगेच परत घ्या. दोन्ही टाय रॉड सारख्या मापाने उलटसुलट फिरवले की एकूण टो न बदलता तो सरळ होतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि निघताना टाय रॉडचे लॉक नट घट्ट केलेत का ते स्वतः वाकून बघा.